कूलंट बर्फासाठी नसतं

"आपल्याकडं कुठं बर्फ पडतो? मग कूलंट कशाला घालायचं?"

हिंगोलीत जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणाशीही उन्हाळ्यात दहा मिनिटं बोला, हा प्रश्न येतोच. विचारणारा माणूस निष्काळजी नसतो. तो ऑइल वेळेवर बदलतो, गाडी स्वतः धुतो, हवा तपासतो. रेडिएटरमध्ये मात्र अंगणातल्या बोअरचं पाणी ओततो. मग एप्रिलमध्ये नांदेडला जाताना वारंगा फाट्याच्या आसपास टेंपरेचरचा काटा वर चढतो. कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकतं, पंखा 'डायरेक्ट' करून देतं आणि "आता तापणार नाही" अशी खात्री देतं. पुढच्या उन्हाळ्यात हेड गॅस्केट जातं आणि दोष गाडीच्या वयाला दिला जातो. पंधरा-वीस वर्षं इमानानं चाललेली, घरच्या घरी सहज सांभाळता येणारी गाडी अशी वाया गेलेली पाहून खरंच वाईट वाटतं. दर वर्षी हेच घडतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

पाणी न गोठू देणं हे कूलंटचं एक काम आहे. आपल्या जिल्ह्यात त्याची गरज नाही, हे अगदी खरं. पण त्याची आणखी दोन कामं आहेत. पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणं आणि आतल्या धातूंना गंजू न देणं. मराठवाड्यातल्या गाडीला याच दोन गोष्टी हव्या असतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं असतो, तेव्हा रेडिएटरवर येणारी हवाच तापलेली असते. ती इंजिनाची उष्णता कमी ओढून नेते. म्हणजे कूलंटची गरज मनालीपेक्षा कळमनुरीत कमी आहे, असं समजण्याला काहीच आधार नाही.

आता आकडे पाहू. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. हिंगोली साडेचारशे मीटर उंचीवर आहे, इथं ते साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळू लागतं. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं मिसळलं की उत्कलनबिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो. यावर रेडिएटरच्या झाकणाचा दाब येतो. बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दर चौरस सेंटिमीटरला किती किलोचा दाब हे झाकण धरून ठेवेल, ते सांगतो. ०.९ च्या झाकणाखाली साधं पाणी ११८ अंशांपर्यंत तग धरतं आणि निम्म्या ग्लायकॉलचं मिश्रण सव्वाशेच्याही पुढं जातं. इंजिनाचं नेहमीचं तापमान ९० च्या घरात असतं. घाटात, एसी लावून, पाच माणसं बसवून चढताना हे वरचे सात-आठ अंशच कामाला येतात. झाकणाचं रबर कडक होऊन फुटलं असेल तर दाब धरतच नाही आणि साध्या पाण्याचा हिशेब पुन्हा साडेअठ्ठ्याण्णववर येतो. गाडी तापते म्हणून लोक हजारो रुपये खर्चून रेडिएटर बदलतात आणि वर झाकण मात्र तेच जुनं बसवतात. आधी झाकण बदलून पाहा. त्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं 'मजबूत' झाकण लावलं तर जुने होज पाइप फुटतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस आहे. "पाण्यानंच गाडी थंड राहते" असं म्हणणाऱ्या जुन्या ड्रायव्हरचं तेवढं बरोबर आहे. कॅनमधलं दाट कूलंट पाणी न मिसळता ओतलं तर उलट इंजिन जास्त तापतं, ते याच कारणानं. म्हणून प्रमाण निम्मं-निम्मं, किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलं असेल ते. कॅनवर 'रेडी टू यूज' लिहिलं असेल तर त्यात पाणी आधीच घातलेलं असतं. त्यात आणखी घालू नका.

पण आपण ओततो ते शुद्ध पाणी नसतं. आपली जमीन काळ्या खडकावरची आहे आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर प्रत्येक घरात पाहिलेला आहे. तोच थर इंजिनाच्या आत, सगळ्यात तापणाऱ्या जागी, म्हणजे हेडमधल्या पाण्याच्या वाटांवर जमतो. हा थर अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहतो. आतलं पाणी थंड असतं, काटाही मधेच असतो, आणि धातू मात्र तापत जातो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, दुसरा स्रोत नसेल तर लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चालवून घेतं. म्हणजे पिण्याला चालणारं पाणी इंजिनाला चालेलच असं नाही. "आम्ही तर पिण्याचंच पाणी घालतो" हे उत्तर इथं लागू पडत नाही.

दुसरा शत्रू गंज. बऱ्याच जुन्या इंजिनांचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. वेगवेगळे धातू एकाच क्षारयुक्त पाण्यात बुडाले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि दुबळा धातू झिजतो. इथं दुबळा म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं ही क्रिया रोखतात. ती वापरात संपत जातात, म्हणूनच कूलंट ठरावीक वर्षांनी बदलावं लागतं, दिसायला स्वच्छ असलं तरी.

साधं पाणी पुरतं, हा समज आला कुठून, तेही पाहू. अ‍ॅम्बॅसिडर, कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, जुन्या जीप या गाड्यांच्या इंजिनांत बीड भरपूर आणि पाण्याच्या वाटा रुंद होत्या. रस्त्यात ओढ्याचं पाणी घालूनही त्या चालायच्या. वडिलांनी, काकांनी तेच केलं आणि ते शिकवून गेले. पण १९८३ साली मारुती ८०० आली, पाठोपाठ हलक्या, छोट्या इंजिनांच्या गाड्या आल्या आणि ती सवय गैरलागू झाली. आज ज्यांना आपण जुन्या गाड्या म्हणतो, एमएच-२२ च्या परभणीच्या पाटीवर अजून फिरणाऱ्या ८०० सुद्धा, त्या या दुसऱ्या पिढीतल्या आहेत.

आता थर्मोस्टॅटकडे वळू. "उन्हाळी भागात थर्मोस्टॅट लागतच नाही, काढून टाका" हा सल्ला ऐकला की माझा संयम सुटतो. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि ठरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, उघडू लागते. एकदा उघडली की थंड करण्यात तिचा अडथळा नसतो. ती काढली की इंजिन तापायला फार वेळ घेतं. तोपर्यंत जास्त पेट्रोल जळतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंश साठून चिकट गाळ होतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचं यानं अधिकच नुकसान होतं. शिवाय काही इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. तिथं ती काढली तर तापलेलं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं आणि गाडी आणखी तापते.

थर्मोस्टॅट खराब आहे का, हे घरीच कळतं. स्वयंपाकाला परत लागणार नाही अशा जुन्या भांड्यात पाणी घ्या, झडप दोऱ्यानं त्यात टांगा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. झडपेवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास ती उघडू लागली आणि पाणी उकळेपर्यंत जवळजवळ पूर्ण उघडली, तर ती चांगली. नाही उघडली तर नवी बसवा. ती महाग नसते.

पंखा डायरेक्ट करणं हा याच उपचाराचा दुसरा भाग. पंखा सतत फिरला की दुखणं झाकलं जातं आणि मोटर लवकर जाते. त्याऐवजी गाडी कधी तापते ते पाहा. गर्दीत, उभ्या गाडीत तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येत असेल, तर पंखा, त्याचा स्विच किंवा रिले पाहा. अकोला-नांदेड महामार्गावर ऐंशीच्या वेगात तापत असेल, तर पंख्याचा काही संबंध नाही. समोरून येणारी हवा पुरेशी असते. तिथं कूलंट कमी आहे, रेडिएटर तुंबला आहे, थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा पंपाची पाती झिजली आहेत. ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल, तर गाडी तिथंच थांबवा आणि गॅस्केटसाठी मेकॅनिककडे न्या.

कूलंट बदलणं हे घरी करण्यासारखं काम आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी करा. गरम रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरूनही उघडू नका. दाबाखालची वाफ चेहऱ्यावर येते. खालचा नळ किंवा खालचा होज सोडा, जुनं पाणी भांड्यात घ्या, स्वच्छ पाणी आतून काढत राहा, ते गढूळ यायचं थांबेपर्यंत. हीटर असेल तर त्याचा नॉब गरमवर ठेवा, म्हणजे तीही वाट धुतली जाते. मग मिश्रण सावकाश भरा. पाणी बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड. कूलंटच्या कॅनवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं मानक छापलं आहे का ते पाहा. ते नसेल तर नुसतं हिरवं पाणी असू शकतं. रंगावरून जात ओळखू नका आणि दोन प्रकार मिसळू नका. इंजिन चालवून हवा बाहेर पडू द्या, थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. काढलेलं कूलंट अंगणात किंवा नालीत ओतू नका. ते गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री ते चाटतात आणि मरतात, लहान मुलांनाही धोका असतो. बंद कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारून द्या.

रस्त्यात अडलात तर मात्र मिळेल ते पाणी घाला, अर्धा-पाऊण तास थांबून, इंजिन निवल्यावर. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतलं तर ते वाकतं किंवा तडकतं. घरी आल्यावर ते पाणी काढून टाका.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी, हा त्यातला सगळ्यात घातक. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकण्यानं तापतो आणि तापून फुटतो. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगात हे जिवावर बेततं. दाराच्या आत चिकटवलेला आकडा थंड टायरचा असतो आणि गरम झाल्यावरची वाढ त्यात धरलेली असते. टायरवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर बदलाच.

ऑइल काळं पडलं म्हणजे बिघडलं, असं नाही. ते काजळी धरून ठेवतं आहे. किलोमीटर आणि महिने पाहून बदला. ब्रेक ऑइल मात्र कमी न होताही बिघडतं, कारण ते हवेतला ओलावा शोषतं: डॉट-३ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश असतो, ओलावा शिरल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. बॅटरीत आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात.

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल दोन्ही टोकांचं बोललं जातं. गाडी लगेच बंद पडत नाही आणि फरक काहीच पडत नाही असंही नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज आहे. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, असं सांगितलं. तेव्हा पेट्रोलचे रबरी पाइप हातानं दाबून पाहा. चिरा, फुगवटा किंवा वास आला की बदला.

आणि पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, हेही आपल्याला लागू नाही. वयाची ती बंदी दिल्ली परिसरातली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे गाडी तपासणीत योग्य ठरली, तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते.

शेवटी एक विनंती, ही कृपा करून ऐकाच. गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, मिनिटभरासाठीही नाही. खाली जायचंच असेल तर सपाट, पक्क्या जमिनीवर जॅक स्टँड लावा, उरलेल्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा आणि शेजारी माणूस उभा ठेवा. विटांची चळत लावून हे काम भागत नाही. वीट वजनाखाली काही न सांगता फुटते. स्टँड नसतील तर ते काम गॅरेजला द्या.