आडनावावरून ठरलेली शाळा

लेखमाला : रिओ ग्रांदेच्या अल्याड-पल्याड (भाग ६)

१९३०च्या दशकात लाखो मेक्सिकनांना अमेरिकेतून कसे घालवून दिले गेले, ते गेल्या आठवड्यात पाहिले. जे मागे राहिले त्यांच्या मुलांसाठी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या संत्र्याच्या पट्ट्यात शाळाच वेगळ्या होत्या.

१९४४ साली सोलेदाद विदौरी स्वतःची आणि भावाची मुले घेऊन ऑरेंज काउंटीतल्या वेस्टमिन्स्टरच्या शाळेत नाव घालायला गेल्या. त्यांची मुले गोरटेली, आडनावही मेक्सिकन न वाटणारे, म्हणून त्यांना प्रवेश मिळाला. भावाची तिन्ही मुले सावळी आणि आडनाव मेंडेझ. त्यांना मेक्सिकनांच्या हूवर शाळेत पाठवा, असे सांगण्यात आले. बाई सगळ्याच मुलांना घेऊन घरी परतल्या.

विशेष म्हणजे मेक्सिकन मुलांना वेगळे बसवा, असे राज्याचा कायदा म्हणत नव्हता. त्यात मूळनिवासी, चिनी, जपानी अशी नावे होती, मेक्सिकनांचे नव्हते. १९३०च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा वेगळा वंश धरला गेला, तर १९४०मध्ये त्यांची गणना पुन्हा गोऱ्यांत झाली. कागदावर गोरी असलेली मुले शाळेच्या दारात मात्र गोरी ठरत नव्हती. सबब इंग्रजी येत नसल्याची दिली जाई, पण बऱ्याचदा चाचणी नावापुरतीच असे.

ही चाल मोडण्याचा प्रयत्न पूर्वी झाला होता. १९३१ साली सॅन दिएगोजवळच्या लेमन ग्रोव्हमध्ये पालकांनी मुलांना घरी ठेवले आणि खटला जिंकला. परंतु तो निकाल गावापुरताच राहिला.

सोलेदाद यांचे भाऊ गोन्झालो मेंडेझ मेक्सिकोत जन्मलेले, पत्नी फेलिसितास पोर्तो रिकोच्या. ते कसत असलेली जमीन मुनेमित्सू या जपानी कुटुंबाची होती. युद्धकाळात सरकारने त्या कुटुंबाला ॲरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत डांबले होते आणि मेंडेझ यांनी त्यांचे शेत खंडाने घेतले होते. त्याच शेताच्या उत्पन्नातून खटल्याचा खर्च निघाला. गोन्झालो साक्षीदार गोळा करत गावोगाव हिंडत असताना शेती फेलिसितास यांनी सांभाळली.

मार्च १९४५मध्ये मेंडेझ, एस्ट्राडा, गुझमन, पालोमिनो आणि रामिरेझ या पाच पालकांनी सुमारे ५,००० मुलांच्या वतीने चार शाळामंडळांवर दावा लावला. वकील होते डेव्हिड मार्कस. गार्डन ग्रोव्हच्या शाळाप्रमुखाने मेक्सिकन मुले स्वच्छतेत आणि कुवतीत कमी असतात, असे न्यायालयात शपथेवर सांगितले. त्याला उत्तर म्हणून मार्कस यांनी विद्यार्थ्यांनाच साक्षीला उभे केले. ती मुले इंग्रजीत बोलली, तेव्हा भाषेची सबब तिथेच लटकी पडली.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. काही ठिकाणी मुलाची शाळा केवळ त्याच्या नावावरून ठरते, याचीही त्यांनी नोंद घेतली. शाळामंडळे अपिलात गेली, आणि मग लढ्याचा परीघ वाढला. कृष्णवर्णीयांची ‘एनएएसीपी’, जपानी-अमेरिकनांची आणि ज्यूंची संघटना अशा अनेकांनी आपापली लेखी निवेदने न्यायालयात दिली. एनएएसीपीच्या निवेदनावर वकील थर्गूड मार्शल यांचे नाव होते. प्रत्येकाचा स्वार्थ उघड होता : मेक्सिकन मुलांसाठी भिंत पडली, तर आपल्यासाठीही ती पाडता येईल.

१४ एप्रिल १९४७ रोजी अपील फेटाळले गेले. मात्र वरच्या न्यायालयाने निकालाचा आधार अरुंद ठेवला : कायद्यात मेक्सिकनांचे नावच नाही, तेव्हा त्यांना वेगळे काढण्याचा अधिकार मंडळांना नाही. ज्यांची नावे होती त्यांचे काय, हा प्रश्न उरला. तो विधिमंडळाने सोडवला. त्याच वर्षी गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी ती कलमे रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली. सात वर्षांनी ‘ब्राऊन’ खटल्यात देशभरातल्या सरकारी शाळांतली वांशिक विभागणी घटनाबाह्य ठरली. तो खटला लढवणाऱ्यांत मार्शल अग्रभागी होते आणि निकाल वाचणारे सरन्यायाधीश होते वॉरन.

शेतमजुरांची मुले शाळेत एकत्र बसू लागली, तरी त्यांच्या आईबापांना संघटनेचा कायदेशीर हक्क नव्हता. १९३५च्या कामगार कायद्याने शेतीला वगळले होते. डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी १९६५ साली संप पुकारला, त्याची हकिकत पुढच्या भागात.

(क्रमशः)