सूर्याची जमा, पडद्याचा खर्च

जपानच्या सिटिझन कंपनीने १९७६ साली काट्यांचे एक क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणले. त्याच्या तबकडीवर सौरघट बसविलेले होते आणि प्रकाशावर ते चालत असे. भारतीय वाचकांना ही कंपनी अपरिचित नाही. बंगळूर येथे १९६१ साली एचएमटीची घड्याळे तयार होऊ लागली ती याच कंपनीच्या सहकार्याने. पुढे 'इको-ड्राइव्ह' या नावाने सिटिझनची सौर घड्याळे जगभर पोहोचली. एकदा पूर्ण भारित झालेले असे घड्याळ कपाटातील अंधारातही साधारण सहा महिने वेळ दाखवीत राहते. खोलीतल्या दिव्याचा उजेडही त्याला बऱ्याच अंशी पुरतो.

या अनुभवामुळे 'सोलर' या शब्दाभोवती एक विश्वास तयार झाला. तोच शब्द आता स्मार्टवॉचच्या खोक्यावर दिसू लागला, तेव्हा ग्राहकाने तोच विश्वास त्याच्याही पदरात टाकला. चार्जर आता घरीच ठेवायचा, अशा समजुतीने अधिक किंमत मोजून घेतलेले घड्याळ पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तारेला जोडावे लागले की फसवणूक झाल्याची भावना होते. वस्तुतः फसवणूक झालेली नसते. घड्याळाच्या खात्यातील जमा आणि खर्च या दोन बाजूंपैकी खरेदीच्या वेळी केवळ एकच पाहिलेली असते.

प्रथम खर्चाचे प्रमाण पाहू. काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळाला चालण्यासाठी अवघे काही मायक्रोवॅट लागतात. स्मार्टवॉचची गोष्ट निराळी. त्याची बॅटरी समजा ३०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची आहे. सुमारे ३.८ व्होल्ट दाब धरल्यास तिच्यात १.१ वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते. असे घड्याळ १८ तास चालत असेल तर त्याचा सरासरी खर्च ६० मिलिवॅटच्या वर जातो. तीच बॅटरी २० दिवस पुरवायची असेल तर खर्च अडीच मिलिवॅटच्या आत ठेवावा लागतो. एक मिलिवॅट म्हणजे हजार मायक्रोवॅट हे लक्षात घेतले, तर काटकसरी स्मार्टवॉचही काट्यांच्या घड्याळाच्या शेकडो पट वीज खाते, हे स्पष्ट होईल.

आता जमेची बाजू. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे १०० मिलिवॅट सौरशक्ती पडते. मोठ्या घड्याळाच्या काचेचे क्षेत्रफळ जेमतेम दहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे सारे जुळून आले तरी काचेवर पडणार एक वॅट. त्यातही सौरघटाने प्रकाश शोषून घेतला तर खालचे आकडे दिसणार कसे? म्हणून पूर्ण क्षमतेचा सौरघट काचेच्या कडेला बारीक कड्यासारखा बसवितात आणि मधल्या भागात असलाच तर अगदी विरळ, आरपार दिसणारा थर देतात. शिवाय मनगट काही सूर्याकडे तोंड करून स्थिर राहत नाही. ते हलते, वळते, खिशात जाते आणि बऱ्याचदा शर्टाच्या बाहीखाली झाकले जाते.

अमेरिकेतील गार्मिन कंपनीने २०१९ साली 'फिनिक्स ६ एक्स प्रो सोलर' हे घड्याळ आणले. कंपनीच्या आकड्यांनुसार ते सूर्याविना २१ दिवस आणि सूर्यासह २४ दिवस चालते. या तीन वाढीव दिवसांमागे एक अट आहे आणि ती बारीक अक्षरात छापलेली असते. घड्याळ दिवसभर हातात असले पाहिजे आणि त्यातील रोज तीन तास ते घराबाहेर ५०,००० लक्स प्रकाशात राहिले पाहिजे. बँकेच्या ग्राहकांना अटी-शर्तींचे महत्त्व वेगळे सांगायला नको. परंतु ५०,००० लक्स म्हणजे किती, हा प्रश्न दुकानात सहसा कोणी विचारीत नाही.

लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक. निरभ्र आकाशातील दुपारचे थेट ऊन एक लाख लक्सच्या आसपास असते आणि कार्यालयातील टेबलावर ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. ५०० लक्समध्ये आठ तास काम केले तर घड्याळाला दिवसभरात मिळणारा प्रकाश हा ५०,००० लक्स उन्हातील पाच मिनिटांपेक्षाही कमी भरतो. शाखेतील खिडकीमागे बसणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सौर घड्याळात म्हणूनच जवळजवळ काही जमा होत नाही. शेतीकर्जाच्या पाहणीसाठी बांधाबांधाने फिरणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याच्या घड्याळात मात्र ती अट सहज पूर्ण होऊ शकते. पहाटे अंधारात धावायला निघून ऊन चढण्याआधी घरी परतणारा धावपटू आणि पावसाळ्यातील कोकणचा प्रवासी यांचीही गणना पहिल्याच गटात करावी लागेल.

पडदा कोणता?

खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठा वाटा बहुधा पडद्याचा असतो. स्मार्टवॉचमध्ये सध्या दोन प्रकारचे पडदे प्रामुख्याने आढळतात. 'मेमरी-इन-पिक्सेल' या पडद्यात प्रत्येक बिंदूला स्वतःची लहानशी स्मृती असते. एकदा दाखविलेला आकडा तो धरून ठेवतो. आकडा बदलला तरच नवी वीज लागते. शिवाय हा पडदा स्वतः उजळत नाही, बाहेरून येणारा प्रकाश परावर्तित करतो. छापील कागदासारखा तो उन्हात अधिक स्पष्ट दिसतो. रात्री मात्र त्याला मागून दिवा लावावा लागतो आणि त्याचे रंग काहीसे फिके वाटतात.

'ॲमोलेड' पडद्याचा स्वभाव याच्या उलट. त्यातील प्रत्येक बिंदू स्वतंत्र दिव्यासारखा पेटतो. रंग तेजस्वी, काळा अगदी गडद. काळ्या भागातील दिवे बंद असल्याने तेथे खर्च नाही. पांढरा रंग दाखविताना मात्र लाल, हिरवे आणि निळे असे तिन्ही दिवे पेटतात. उन्हात उभे राहिल्यावर या पडद्याला सूर्याशी स्पर्धा करावी लागते आणि तो आपली दीप्ती वाढवितो. सौरघटाला जेव्हा सर्वाधिक मिळकत होते, नेमका त्याच वेळी ॲमोलेड सर्वाधिक खर्च करतो आणि मेमरी-इन-पिक्सेल पडद्याला दिव्याची गरजच उरत नाही. सौर घड्याळांनी बराच काळ या साध्या, फिक्या पडद्याचीच सोबत धरली, त्याचे एक कारण येथे सापडते.

या दोन पडद्यांची तुलना करण्याची चांगली संधी २०२२ च्या जानेवारीत मिळाली. गार्मिनने 'फिनिक्स ७' आणि 'एपिक्स' ही दोन घड्याळे एकाच वेळी सादर केली. दोन्हींचा व्यास ४७ मिलिमीटर, कामे जवळजवळ तीच, फरक मुख्यतः पडद्याचा. मेमरी-इन-पिक्सेल पडद्याच्या फिनिक्सला कंपनीने १८ दिवस दिले आणि त्याच्या सौर आवृत्तीला उन्हासह २२ दिवस. ॲमोलेडच्या एपिक्सला, मनगट उचलल्यावरच पडदा उजळत असेल तर, १६ दिवस. पडदा सतत चालू ठेवल्यास केवळ ६.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे. रोज तीन तासांचे कडक ऊन चार दिवस मिळवून देते. 'पडदा सतत चालू' ही एक निवड दहा दिवस काढून घेते. १८ चे २२ दिवस होतात याचा अर्थ सूर्य घड्याळाच्या रोजच्या खर्चाचा सुमारे १८ टक्के भार उचलतो. तेवढीच सौर मिळकत आणि तेवढीच बॅटरी सहा दिवसांत रिकामे होणाऱ्या घड्याळाला दिली तर त्याचे आयुष्य नऊ-दहा तासांनी वाढेल. १८ तासांत रिकामे होणाऱ्या घड्याळाला तीच मिळकत दिली तर वाढ होईल सुमारे आठ मिनिटांची.

खर्च पुरेसा कमी असेल तर चित्र पालटते. त्याच वर्षी आलेल्या 'इन्स्टिंक्ट २ सोलर' या घड्याळाला लहान, कृष्णधवल पडदा आहे. सूर्याविना ते २८ दिवस चालते आणि तीन तास, ५०,००० लक्स ही अट पाळल्यास कंपनी त्याचे आयुष्य 'अमर्याद' असे सांगते. येथे रोजची मिळकत खर्चाइतकी किंवा त्याहून अधिक होते. अर्थात हा आकडा घड्याळाच्या साध्या वापरासाठी आहे. उपग्रहाद्वारे मार्ग नोंदविणारी जीपीएस यंत्रणा तासन्‌तास चालू ठेवल्यास हिशेब बदलतो.

काटकसर केवळ फिक्या पडद्यानेच साधते असेही नाही. ॲपलचे २०१५ सालचे पहिले घड्याळ १८ तास चालेल असे सांगितले गेले होते. त्याचा पडदा मनगट खाली जाताच मालवत असे. २०१९ च्या पाचव्या मालिकेत पडदा सतत चालू राहू लागला आणि तरीही कंपनीने तोच १८ तासांचा आकडा कायम ठेवला. मनगट खाली असताना पडद्याची दीप्ती कमी करणे आणि चित्र सेकंदाला साठऐवजी एकदाच ताजे करणे, या युक्तीने ते शक्य झाले. खर्चाला कात्री लागली तीही पडद्यालाच.

सप्टेंबर २०२५ मध्ये गार्मिनने 'फिनिक्स ८ प्रो' मध्ये मायक्रोएलईडी हा आणखी तेजस्वी पडदा दिला. त्याला १० दिवसांचे आणि सतत चालू ठेवल्यास ४ दिवसांचे आयुष्य सांगितले आहे. त्याच आकाराच्या ॲमोलेड आवृत्तीला २७ दिवसांचे. तेज हवे असणारा ग्राहक हा खर्च जाणूनबुजून करील आणि त्यात गैर काही नाही.

ज्यांच्याकडे ॲमोलेडचे घड्याळ आहे, त्यांना नवे विकत घेण्याआधी घरबसल्या बरेच करता येते. 'पडदा सतत चालू' ही सोय बंद करावी, काळ्या पार्श्वभूमीची तबकडी निवडावी, पळता सेकंदकाटा दाखविणारी तबकडी टाळावी, पडदा मालवण्याची वेळ कमी ठेवावी आणि रात्री झोपेची स्थिती लावावी, म्हणजे कूस बदलताना तो उजळत नाही. मेमरी-इन-पिक्सेल पडदा असल्यास मागील दिव्याची तीव्रता आणि वेळ एवढेच पाहावे. रक्तातील प्राणवायूची रात्रभर होणारी मोजणी गरज नसल्यास थांबवावी. तिचाही खर्च लक्षणीय असतो.

सौर घड्याळ असणाऱ्यांनी बाही मागे सारणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. उन्हात भारित व्हावे म्हणून घड्याळ मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. बंद गाडीतील उष्णतेने लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते आणि आतील तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की गार्मिनची घड्याळे सौर भारण आपोआप थांबवितात. घड्याळ तारेला जोडलेले असताना किंवा बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही ती उन्हातून काही घेत नाहीत. भटकंतीला निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या तारेवर घड्याळ पूर्ण भरावे आणि वाटेत बाही दुमडलेली ठेवावी.