कपाशीला खार सोसतो, म्हणजे नेमकं काय होतं?

रावेर-यावलची केळी आणि जळगाव-धुळ्याची कपाशी, दोन्ही काळ्या मातीत वाढतात. पण खाऱ्या पाण्यापुढे केळी लवकर हार मानते, तिच्या पानांच्या कडा करपू लागतात. कपाशीचं उत्पादन मात्र मातीची क्षारता सुमारे ७.७ डेसीसायमन प्रति मीटर होईपर्यंत सहसा घटत नाही. या सोशिकपणाबद्दल काही गैरसमज आहेत.

गैरसमज : सोशिक झाड मीठ आत घेतच नाही.
वस्तुस्थिती : मुळांच्या पेशी सोडियम अडवतात. आत शिरलेल्यातला काही पेशीपटलातली प्रथिनं पुन्हा बाहेर ढकलतात. तरीही कपाशीच्या पानांत बराच सोडियम पोचतो. त्याला कुठे ठेवायचं, यातच तिचं खरं कसब आहे.

गैरसमज : अशा झाडांच्या पेशींना मीठ बाधत नाही.
वस्तुस्थिती : १९७२ साली ग्रीनवे आणि ऑस्मंड यांनी खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींची आणि नाजूक घेवड्याची विकरं परीक्षानळीत तपासली. मिठाने दोन्हींची विकरं सारखीच मंदावली. म्हणूनच सोशिक झाड सोडियम पेशीच्या रिक्तिकेत कोंडतं आणि पेशीद्रवात पोटॅशियम टिकवून धरतं. रिक्तिकेतल्या खारामुळे पेशीद्रवातलं पाणी तिकडे ओढलं जाऊ नये, यासाठी पेशीद्रवात प्रोलीन, ग्लायसीन बीटेन यांसारखे निरुपद्रवी पदार्थ साठवतं.

गैरसमज : पीक कोमेजलं, की पाणी वाढवावं.
वस्तुस्थिती : मातीतले क्षार पाण्याला धरून ठेवतात, त्यामुळे ओल असूनही मुळं तहानलेली राहतात. निचरा नसलेल्या भारी जमिनीत जादा पाण्याने भूजल वर येतं. ते उडून जातं आणि क्षार मात्र वरच्या थरात साचतात.

गैरसमज : कपाशी सोशिक, म्हणजे पेरल्या दिवसापासून सोशिक.
वस्तुस्थिती : उगवण आणि कोवळं रोप, या अवस्थांत तीही नाजूक असते. तेव्हा खारं पाणी दिलं, तर रोपं विरळ उगवतात.

सोडियम बाहेर ढकलणं, कोंडणं, प्रोलीन घडवणं या प्रत्येक कामाला ऊर्जा लागते आणि ती बोंडांच्या वाट्यातून जाते. कपाशी खार सोसते, पण फुकट सोसत नाही. म्हणून पेरणीआधी माती आणि विहिरीचं पाणी तपासून घ्यावं, वावरात चर काढून निचरा करावा. झाडाचं ओझं जितकं हलकं होईल, तितकी बोंडं भरतील.