पाइप बिघडला की पाइपची बैठक? घरच्या ड्रेनेजची दुरुस्ती कशी निवडावी



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेली माणसं ड्रेनेजवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. जुन्या बंगल्याच्या किंवा छोट्या सोसायटीच्या अंगणाखालून मैलापाण्याची लाइन जाते. ती दर दोन-तीन महिन्यांनी तुंबायला लागते, आणि मग दोन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, सगळं उकरून नवीन पाइप टाका. दुसरा म्हणतो, फरशीला हात लावायची गरज नाही, आतून अस्तर घालून देतो. आपण लगेच विचारतो, यातलं चांगलं कोणतं? या प्रश्नाचं उत्तर देता येतं, पण त्याच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा: मुळात बिघडलंय काय?

न्यायदर्शनातलं धूर आणि अग्नीचं उदाहरण आपल्याला माहीत आहे. डोंगरावर धूर दिसला, तर तिथे अग्नी आहे असं अनुमान करता येतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी अशी व्याप्ती असते. तुंबलेल्या चेंबरची गोष्ट तशी नाही. चेंबरमध्ये पाणी चढलं म्हणजे पाइपला तडाच गेला, असं म्हणता येत नाही. आत मुळं शिरली असतील, तेला-तुपाचा थर साचला असेल, सांधा सरकला असेल किंवा पाइप मध्येच खचला असेल. लक्षण एक, कारणं अनेक. इथे अनुमान थकतं, प्रत्यक्षच लागतं.

आणि प्रत्यक्ष आज शक्य आहे. आधी जेटिंग करून लाइन साफ करायची, मग केबलला लावलेला कॅमेरा एका चेंबरमधून दुसऱ्या चेंबरपर्यंत न्यायचा. क्रम महत्त्वाचा आहे. गाळ तसाच ठेवून कॅमेरा घातला तर गाळच दिसणार. चित्रीकरणाची प्रत मागून घ्यावी आणि कोणत्या फुटावर काय दिसलं, ते लिहून घ्यावं.

जे दिसेल त्याची दोन गटांत वाटणी करूया. पहिला गट पाइपच्या अंगाचा: तडे, झिजलेली भिंत, उघडे पडलेले सांधे, त्यातून शिरलेली मुळं. आपल्याकडच्या जुन्या लाइनी बहुधा चिनी मातीच्या, म्हणजे स्टोनवेअरच्या. त्यांचे सांधे सिमेंटने भरलेले. वर्षानुवर्षांत ते सिमेंट सुटतं आणि उंबर-पिंपळाची मुळं ओलाव्याच्या मागे आत येतात.

दुसरा गट पाइपच्या बैठकीचा. सांडपाणी उतारावर चालतं. जुना ठोकताळा असा की ४ इंची पाइपला ४० फुटांत १ फूट उतार द्यावा, ६ इंचीला ६० फुटांत १ फूट. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यात नीट पाया न करता टाकलेला पाइप हळूहळू पोट काढतो. त्या पोटात पाणी थांबतं, मैला खाली बसतो. साफ केलेल्या लाइनीत पाणी सोडून ते वाहून जाऊ दिल्यावरही कॅमेऱ्याची काच एका टप्प्यात पाण्याखालीच राहत असेल, तर ते पोट समजावं.

आता पद्धतींकडे येऊ. अस्तराची पद्धत १९७१ साली लंडनमध्ये एरिक वुड या अभियंत्याने प्रथम वापरली. राळेत भिजवलेली कापडी नळी जुन्या पाइपात सोडायची, बहुतेक वेळा पायमोजा उलटा करावा तशी, हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने. मग गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाश देऊन ती कडक करायची. जुन्या पाइपात नवा पाइप तयार होतो, बिनसांध्याचा. अस्तर ३ मिलिमीटर जाड धरलं, तर १०० मिलिमीटरच्या पाइपचा आतला व्यास ९४ उरतो. पण आतली बाजू गुळगुळीत असल्याने वाहण्याला सहसा अडचण येत नाही.

दुसरी विनाखोदाई पद्धत पाइप फोडत जाण्याची. दोन टोकांना दोन खड्डे घेतात, शंकूसारखं लोखंडी डोकं जुन्या पाइपातून ओढतात. ते जुना पाइप फोडून मातीत दाबत जातं आणि मागून सलग जोडलेला एचडीपीईचा नवा पाइप येतो. अस्तराने व्यास थोडा घटतो, इथे तो वाढवताही येतो.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे, आणि आजच्या व्याख्यानातली एवढी एकच लक्षात राहिली तरी चालेल. नवा पाइप जुन्याच्याच वाटेने जातो. जुन्याला पोट असेल, तर नव्यालाही जवळजवळ तेच पोट येतं. विनाखोदाई दुरुस्तीने पाइपचं अंग सुधारतं, बैठक सुधारत नाही. उतार बिघडला असेल तर तेवढा भाग उकरायचा, पाणसळ लावायची, खाली पाया करायचा आणि पाइप नव्याने बसवायचा. याला पर्याय नाही.

मग खर्च? उकरण्याचा खर्च खोलीवर आणि वर काय आहे त्यावर वाढतो. वर मोकळी माती असेल, लाइन उथळ आणि आखूड असेल, तर उकरणं बहुधा स्वस्त पडतं. विनाखोदाईत यंत्र आणि माणसं आणण्याचा खर्च मोठा, आणि तो १० फुटांना लागतो तसाच ६० फुटांनाही लागतो. म्हणून लाइन लांब, खोल, वर काँक्रीटचा रस्ता, शेजाऱ्याची भिंत किंवा मोठं झाड असेल, तर ती पद्धत परवडू लागते. कोटेशनांची तुलना करताना फरशी, भिंत आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च खोदाईच्या आकड्यात धरायला विसरू नये. आणि झाड तोडायचं झालं तर शहरात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही ध्यानात असावं.

निवड ‘हे किंवा ते’ अशीच असते असंही नाही. समजा ६० फुटांच्या लाइनीत ८ फूट पोट आहे आणि बाकीच्या सांध्यांत मुळं आहेत. ती ८ फूट उकरून नीट बसवावीत, उरलेल्या लाइनीला अस्तर घालावं. शहाणपण बऱ्याचदा अशा मिश्र उत्तरात असतं.

अमेरिकेत जुनी घरं घेतलेले आपले काही श्रोते आहेत. तिथे घरापासून मुख्य गटारापर्यंतची लाइन बऱ्याच ठिकाणी घरमालकाच्याच गळ्यात असते. साधारण १९४० ते १९७० या काळातल्या घरांखाली ऑरेंजबर्ग नावाचा डांबर मुरवलेल्या लगद्याचा पाइप निघू शकतो. तो दबून चपटा होतो. चपट्या पाइपात घातलेलं अस्तरही चपटंच बसणार, म्हणून तिथे पाइप फोडून बदलणं किंवा उकरणं बरं.

शेवटचा मुद्दा पैशाचा नाही, माणसांचा आहे. दीड मीटरहून खोल चर खणली तर बाजूंना आधार दिल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नये, आणि उकरलेली माती काठावर रचू नये. ओली माती क्षणात ढासळते. चेंबरमध्ये किंवा मैलाटाकीत तर साफसफाईसाठी माणूस उतरवायचाच नाही. आतला वायू दिसत नाही, आणि वाचवायला उतरलेला दुसराही परत येत नाही. संरक्षक साधनं आणि खबरदारीशिवाय हे काम करवून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवलं आहे, आणि त्यातून कंत्राटदारासारखीच काम सांगणारी खासगी व्यक्तीही सुटत नाही. ‘ठेकेदाराने उतरवला, आम्हाला काय माहीत’ हे घरमालकाचं उत्तर कायद्यातही बसत नाही आणि नीतीतही नाही. यंत्र मागवायला दोन दिवस लागत असतील तर ते थांबावेत.

तेव्हा ठेकेदार समोर आला की चार गोष्टी विचारूया. कॅमेऱ्यात काय दिसलं? उतार शाबूत आहे का? अस्तर घातल्यावर मोरी-संडासाच्या जोडण्या आतून कशा उघडणार? काम झाल्यावर पुन्हा कॅमेरा घालून दाखवणार का? या चारांची उत्तरं जो सरळ देतो, त्याच्याशी मग भावाचं बोलावं.

प्रश्न असतील ते आता घेऊया.