बेल्जियन धाटणीच्या बिअरची पारख: गुण कोणता, दोष कोणता?

पुण्यातील मायक्रोब्रुअरींच्या फलकांवर 'बेल्जियन विट' हे नाव आता नेहमीचे झाले आहे. फिकट पिवळ्या रंगाची, दुधी धूसरपणा असलेली ही बिअर कुणाला संत्र्याची आठवण करून देते, कुणाला लवंगेची, तर कुणाला ती चक्क नासल्यासारखी वाटते. यातील कोण बरोबर, हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. 'बेल्जियन चव अशीच असते' या एका वाक्याच्या आडून बिघडलेला मालही ग्राहकाच्या पेल्यात जाऊ शकतो. म्हणूनच चव आणि दोष यांतील सीमारेषा कोठे आहे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रात या प्रकारच्या बिअरची ओळख फार जुनी नाही. राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी म्हणून ओळखली जाणारी 'डूलाली' पुण्यात २००९ मध्ये सुरू झाली. नावामागे नाशिकजवळचे देवळाली आहे. ब्रिटिश सैनिक मायदेशी परतण्यासाठी तेथील छावणीत जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत. त्या कंटाळ्यातून डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणण्याची प्रथा पडली. त्यापूर्वी आपल्याकडे बिअरची निवड बहुधा 'स्ट्राँग' की 'माइल्ड' एवढ्याच प्रश्नावर होत असे. आजही बहुतेक दुकानांत हाच प्रश्न विचारला जातो.

बेल्जियन बिअरचे वेगळेपण मुख्यतः यीस्टमध्ये आहे. नेहमीची लागर बिअर सुमारे ८ ते १३ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात संथपणे आंबवली जाते आणि तिच्यात यीस्टचा गंध जवळजवळ उरत नाही. 'एल' हा प्रकार मात्र १८ ते २४ अंशांच्या आसपास, म्हणजे अधिक उबेत आंबतो. या उबेत यीस्ट फळांसारखे वास असणारी द्रव्ये तयार करते. बेल्जियन यीस्टच्या अनेक जाती त्याखेरीज लवंग-मिरीची आठवण देणारी द्रव्येही निर्माण करतात. पेल्यातील लवंगेचा वास हा लवंग घातल्याचा पुरावा नव्हे. ती बहुतेक वेळा यीस्टचीच करणी असते.

'विट' या शब्दाचा अर्थ पांढरा. बेल्जियममधील हूगार्डन गावची ही परंपरा १९५० च्या दशकात बंद पडली होती. पिएर सेलिस या गृहस्थांनी ती १९६० च्या दशकात पुन्हा सुरू केली. पुढे २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या समग्र बिअर-संस्कृतीचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

या बिअरमध्ये सातूच्या माल्टबरोबर माल्ट न केलेला गहू मोठ्या प्रमाणात असतो. त्यामुळेच ती धूसर दिसते. शिवाय धणे आणि संत्र्याची वाळवलेली साल घालतात. येथे मराठी स्वयंपाकघरातील नाक उपयोगी पडते. आपले धणे युरोपीय धण्यांपेक्षा लांबट असतात आणि त्यांचा वास लिंबाकडे झुकणारा असतो, म्हणून विटसाठी ते चांगलेच शोभतात. संत्र्याचे मात्र तसे नाही. मूळ कृतीतील साल कडवट जातीच्या संत्र्याची असते. नागपुरी संत्र्याची साल तिच्या मानाने गोडसर वासाची. ती वापरू नये असे नाही, पण तिने येणारा परिणाम निराळा असतो. आपली खरी अडचण अशी की मसाल्याचा हात आपल्याकडे सैल असतो. विटमध्ये धणे 'जाणवले' तर ठीक, 'ओळखू आले' तर जास्त झाले, असे मानावे. प्रमाण बिघडले की हाच सुगंध साबणासारखा किंवा शिजवलेल्या भाजीसारखा लागू लागतो.

स्पर्धांमध्ये परीक्षक हे सर्व कसे मोजतात? अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या 'बीजेसीपी' या परीक्षक-संस्थेची ५० गुणांची पत्रिका जगभर वापरली जाते. त्यात गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण प्रभावाला १० गुण असतात. रंग आणि फेस पाहून भुलणाऱ्यांनी तो ३ चा आकडा लक्षात ठेवावा. पेल्यावर कोणाचे नाव नसते. प्रत्येक परीक्षक आधी मुकाट्याने हुंगतो, चाखतो आणि आपले गुण लिहितो. चर्चा नंतर होते. ही शिस्त महत्त्वाची आहे, कारण एकाने 'केळ्याचा वास' असे म्हटले की शेजारच्यालाही केळेच जाणवू लागते. वाइनप्रमाणे बिअर थुंकली जात नाही, म्हणून घोट लहान असतात आणि मधूनमधून पाणी व साधा पाव घेतला जातो.

आता दोषांविषयी. लवंगेचा वास चालतो, पण इस्पितळातील जंतुनाशकाचा किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास चालत नाही. दोन्ही रसायने एकाच कुळातील असल्याने फसगत येथेच अधिक होते. दुसऱ्या प्रकारच्या वासामागे अनेकदा क्लोरीनयुक्त पाणी किंवा नको असलेले यीस्ट असते. विटमध्ये हलका आंबटपणा शोभतो, व्हिनेगरचा नाही. लोणी किंवा बटरस्कॉचचा वास आला तर यीस्टला काम पूर्ण करू दिले गेले नाही अशी शंका घ्यावी. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास आला तरी बिअर घाईने वाढली असण्याचा संभव असतो. अशा वेळी 'ही बेल्जियन आहे' हे उत्तर स्वीकारण्याचे कारण नाही.

'ट्रिपेल' या तीव्र प्रकाराची कसोटी आणखी कठीण. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण सुमारे ७.५ ते ९.५ टक्के असते. 'स्ट्राँग'ची सवय असलेल्या जिभेला तिने घशात जळजळ करावी अशी अपेक्षा असते. वस्तुतः जळजळ हाच तिचा दोष. कृतीत साखर वापरल्याने ती अंगाने हलकी होते आणि मद्यार्क जवळजवळ लपतो. म्हणूनच ती जपून घ्यावी लागते.

मायक्रोब्रुअरी जवळ नसलेल्या वाचकांचा प्रश्न निराळा आहे. जबलपूरच्या ओमतीसारख्या वस्तीत राहणाऱ्याच्या हाती बहुधा दुरून आलेली बाटलीच पडते, आणि मध्य भारतातील उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. गोदामात तापलेल्या बाटलीत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. हिरव्या काचेतून प्रकाश लागलेल्या बाटलीतून उग्र दर्प येतो. यात बनवणाऱ्याचा दोष असेलच असे नाही, पण ग्राहकाला हाती आलेल्या मालाचेच पैसे मोजावे लागतात. तेव्हा भरल्याची तारीख आधी पाहावी, काचेचा रंग नंतर. तळाशी बसलेला यीस्टचा गाळ मात्र दोष नव्हे. अनेक बेल्जियन बिअर बाटलीतच पुन्हा आंबवल्या जातात.

शेवटची सूचना तापमानाची. बर्फासारखी थंड बिअर गुणही लपवते आणि दोषही. परीक्षक म्हणूनच पेला काही वेळ तळहातांत धरून उबवतात आणि मग पुन्हा एकदा हुंगतात. पहिल्या घोटाला निर्मळ वाटलेल्या बिअरचे गुण अनेकदा याच वेळी बदलले जातात.