परतीचा पत्ता

कालीसिंधच्या काठच्या आमच्या सोनकच्छच्या घरी पूर्वी पुण्याची पत्रे पुष्कळदा कुणाच्या तरी मार्फत येत. असेच एकदा आत्याबाईंच्या आजारपणाचे पत्र आले. आत्याबाईंनी बिऱ्हाड बदलले होते आणि मधल्या गृहस्थांनी पाकिटावर केवळ आपलाच पत्ता घातला होता. आमचे उत्तर त्यांच्याकडेच पडून राहिले. सोनकच्छकरांनी साधी विचारपूसही केली नाही, हा आत्याबाईंचा समज निवळावयास दोन वर्षे लागली.

संगणकांच्या टपालालाही आरंभी हीच अडचण सोसावी लागली, हे वाचून आम्हांस मोठे नवल वाटले. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' ही योजना हाती घेतली. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची आयआयटी यांच्यात प्रथम टेलिफोनच्या तारेवरून टपाल सुरू झाले, आणि १९८८ मध्ये त्या केंद्रातून अमेरिकेतील 'यूयूनेट'शी जोडणी झाली.

त्या काळी टपाल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे हस्ते-परहस्ते जाई आणि पत्त्यात सारी वाट लिहावी लागे. समजा, सोनकच्छच्या काकांचे पत्र मुंबईस निघाले. देवासने पुढे धाडताना परतीच्या पत्त्यास आपले नाव जोडावयाचे : 'देवास!सोनकच्छ!काका'. इंदूरने त्याआधी आपले : 'इंदूर!देवास!सोनकच्छ!काका'. मुंबईकराने तीच वाट धरली की उत्तर घरी पोहोचे. मध्ये एकाने नाव जोडण्यात हयगय केली की वाट तुटली!

खरी पंचाईत दोन निराळ्या जाळ्यांच्या वेशीवर होई. दुसऱ्या जाळ्यात 'काका@सोनकच्छ' अशी रीत. मग 'देवास!काका@इंदूर' असा मिश्र पत्ता आला, तर पत्र आधी देवासला न्यावे की इंदूरला? एक संगणक डावीकडून वाची, दुसरा उजवीकडून. आणि दोघेही आपापल्या नियमाने बरोबरच! म्हणून वेशीवरच्या संगणकाने परतीचा पत्ता पलीकडच्यांना उमजेल आणि उत्तर पुन्हा आपल्याच दारी येईल, असा फिरवून लिहावयाचा. मात्र बदल पत्त्यापुरताच; आतील मजकुरास हात लावावयाचा नाही.

पुढे पत्त्यातून वाटच काढून टाकण्यात आली. पत्त्यात केवळ नाव व ठिकाण राहिले, आणि त्या ठिकाणाचे टपाल कोणता संगणक स्वीकारतो, हे निराळ्या नोंदवहीत पाहण्याची सोय १९८६ मध्ये ठरली. १९८९ साली भारतास '.इन' हे स्वतःचे नाव मिळाले. वाट बदलली तरी पत्ता तोच राहू लागला.

आत्याबाई आज हयात नाहीत. परंतु कुणाचा निरोप पुढे धाडण्याची वेळ येते, तेव्हा मूळ लिहिणाऱ्याचा पत्ता त्यावर आहे ना, हे आमच्या घरी आजही आधी पाहिले जाते.