‘मी डोलकर’ हे खरंच पारंपरिक कोळीगीत आहे का?

नारळी पौर्णिमा आली की थळ, रेवदंडा, मुरूडच्या किनाऱ्यावरचे रील्स मोबाईलवर दिसायला लागतात. सजवलेल्या होड्या, मिरवणूक आणि मागे वाजणारं ‘मी डोलकर’. खाली बऱ्याचदा लिहिलेलं असतं, ‘पारंपरिक कोळीगीत’.

पण हे गाणं पारंपरिक नाही. ते लिहिलं शांता शेळके यांनी, चाल दिली हृदयनाथ मंगेशकर यांनी आणि गायलं हेमंतकुमार आणि लता मंगेशकर यांनी. ‘वादळवारं सुटलं’ आणि ‘राजा सारंगा’ ही लतादीदींची कोळीगीतंही याच गीतकार-संगीतकार जोडीची.

गंमत म्हणजे शांताबाई जन्मल्या घाटावर, इंदापुरात. हृदयनाथ हे उस्ताद अमीर खाँ यांचे शिष्य, तर हेमंतकुमार बंगाली.

मग ही गाणी इतकी कोळ्यांची का वाटतात?

पहिलं कारण शब्द. ‘डोल’ म्हणजे पिशवीसारखं निमुळतं जाळं. त्याचं तोंड पाण्याच्या ओढीकडे ठेवून ते समुद्रात एका जागी बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा आत शिरतो. पाणी साधारण सहा तासांनी उलटं फिरतं, त्याआधी जाळं उचलावं लागतं. रायगडच्या किनाऱ्यावर ही मासेमारी आजही चालते आणि ती करणारा तो डोलकर. तसाच ‘सारंग’ म्हणजे नाव हाकणारा, खलाशांचा म्होरक्या. मूळ शब्द फारसी, समुद्री व्यापारातून आपल्याकडे आलेला.

दुसरं कारण ठेका. कोळीनाचाचा झुलता ठेका, वल्ह्यासारखी पुढे-मागे होणारी लय आणि परत परत येणारं धृपद हृदयनाथांनी उचललं. त्यावर त्यांनी रेकॉर्डिंगसाठी नवं गाणं बांधलं.

पारंपरिक म्हटलं तर बिघडलं कुठे?

दोन्हीकडे नुकसान होतं. एक, गीतकाराचं नाव पुसलं जातं. भारतीय कायद्यानुसार गीताचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. शांताबाई २००२ मध्ये गेल्या, म्हणजे तो २०६२ अखेरपर्यंत आहे. आणि कॉपीराइट कुणाकडेही असला, तरी लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क कायदा वेगळा मानतो.

दुसरं, जे खरंच पारंपरिक आहे ते झाकोळलं जातं. उरण, पेण, अलिबाग भागात आगरी-कोळी लग्नांत धवलारीण विधींची गाणी म्हणते. त्यांना ‘धवले’ म्हणतात. ती कुणी रचली माहीत नाही. एका बाईकडून दुसरीकडे तोंडीच आली. डीजेच्या आवाजात ती ऐकू येत नाहीत आणि म्हणणाऱ्याही कमी होत चालल्या आहेत.

तेव्हा पुढचा रील टाकताना ‘मी डोलकर’खाली शांता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकर ही नावं लिहा. आणि घरच्या लग्नात धवलारीण आली, तर तिला विचारून तिचा एखादा धवला रेकॉर्ड करा. ‘पारंपरिक’ हा शब्द त्याच्याखाली शोभेल, सोबत तिचं नावही.